नागपूर, संध्याकाळी सहा ते दहा

ग्लोबल अंडरग्राउंड ही मिक्स सीड्यांची (डीजेने गाणी एकात एक मिसळून केलेल्या सीड्यांची) मालिका 1996 मध्ये सुरू झाली आणि तिच्या अंकांना शहरांची नावं मिळत गेली. तेल अवीव, प्राग, सिडनी, बुडापेस्ट, हाँगकाँग. नागपूर त्या यादीत कुणी घालणार नाही, तेव्हा ते आपणच घालायचं. बेत चार दिवसांचा, प्रोग्रेसिव्ह हाउस या सावकाश चढत जाणाऱ्या नृत्यसंगीताचा: एक दिवस रस्ता, एक दिवस नुसतं ऐकणं, एक दिवस गच्चीवर वाजवणं आणि एक दिवस वाजवलेलं परत ऐकणं. वेळ मार्चच्या शेवटच्या आठवड्याची. बोर्डाच्या परीक्षा उरकलेल्या असतात, सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, आणि वैशाखातली ती पंचेचाळीस अंशांची भट्टी अजून पेटलेली नसते.

पहिला दिवस: आमणे ते शिवमडका

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जून 2025 मध्ये उघडला, त्यामुळे आता मुंबईच्या अंगाने निघालं की थेट नागपूरच्या वेशीवर उतरता येतं. सपाटीवर कारला ताशी 120 किलोमीटरची मर्यादा, घाटात 100 ची. नुसता भागाकार केला तर सहा तास होतात, पण थांबे धरून आठ धरावेत. सकाळी सहाला निघून दुपारी दोनला पोचणं बरं. टायरमधली हवा निघतानाच, टायर थंड असताना तपासायची. जालन्यापुढे ऊन चढतं, सिमेंटचा रस्ता तापतो, आणि गरम टायरवरचा आकडा फसवतो.

आठ तास म्हणजे दोन-दोन तासांचे चार मिक्स. एक मिक्स संपला की गाडी थांबवायची, पाय मोकळे करायचे, ड्रायव्हर बदलायचा. सरळ रस्त्यावर डोळ्यांवर येणारी झापड हा या महामार्गाचा खरा धोका आहे, आणि एकसुरी ठेका त्यात भरच घालतो. ड्रायव्हर जांभया देऊ लागला तर संगीत बंद करून थांबावं. आवाज वाढवून झोप जात नाही.

सगळं आधीच डाउनलोड करून ठेवावं. कसाऱ्याच्या बाजूचा बोगदा सुमारे आठ किलोमीटरचा आहे. आत साधारण पाच मिनिटं जातात, आणि नेटवर्क गेलं की स्ट्रीमिंग नेमकं दोन गाणी एकमेकांत मिसळत असताना अडकतं. फाइल फ्लॅक (पूर्ण दर्जाची) असो वा 320 ची एमपी3 (दाबलेली), चालत्या गाडीत फरक कळत नाही. 120 च्या वेगाला टायरांची घरघर खालच्या पट्टीतच असते आणि ती बेसलाइन (खालच्या सुरांची ओळ) गिळून टाकते. म्हणून लोक बेस वाढवतात, मग दाराचे पत्रे थरथरतात आणि मधली पट्टी गढूळ होते. उलट करावं: बेस दोन घर खाली, मधली पट्टी एक घर वर. तरीही ब्रेकडाउनमधली (ठेका थांबतो त्या भागातली) हलकी पॅड, म्हणजे लांब तरंगते सूर, ऐकू येणारच नाहीत. ती पुढल्या थांब्यावर, इंजिन बंद करून ऐकायची.

पहिल्या दोन तासांना साशा आणि जॉन डिगवीड या ब्रिटिश डीजेंचा 1996 चा 'नॉर्दर्न एक्सपोजर'. या शैलीत सावकाशपणा म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला नमुना नाही. सरळ चार ठोक्यांच्या किकची (ढोलासारख्या मुख्य ठोक्याची) घाईच नाही. पहिल्या सीडीवर तुटक ठेके आणि तरंगते सूर यांच्यावर बराच वेळ भागवलंय, आणि तरी मागे पडल्यासारखं वाटत नाही. नाशिक जिल्हा ओलांडेपर्यंत हाच पुरतो. दुसरा मिक्स ग्लोबल अंडरग्राउंडमधला, शहराच्या नावाचा: 1999 चा साशाचा इबिझा किंवा त्याच वर्षीचा डिगवीडचा हाँगकाँग. वाद घालायचाच तर माझं मत हाँगकाँगला. इबिझा चमकदार आहे, हाँगकाँगची वीण घट्ट आहे. तिसऱ्यासाठी हर्नान कातानेओचा 2014 चा 'बॅलन्स 026'. हा ब्युनोस आयरेसचा माणूस. लांब मिसळ (एक गाणं उतरवत दुसरं चढवणं) आणि कमीत कमी दिखाऊपणा यात आज त्याच्या तोडीचे थोडेच. चौथा मिक्स नवा काहीतरी असावा. डिगवीड आणि कातानेओ दोघांचेही साप्ताहिक रेडिओ कार्यक्रम आहेत, त्यातला एखादा चालतो.

मागे बसलेल्याला एक उद्योग आहे. 122 बीपीएमला (मिनिटाला 122 ठोके) एक ठोका 0.49 सेकंदाचा, चार ठोक्यांचा एक बार जवळपास दोन सेकंदांचा, आणि 32 बारची एक फ्रेज 63 सेकंदांची. 120 च्या वेगाला गाडी तेवढ्यात 2.1 किलोमीटर पुढे जाते. दोन फ्रेज चालणारी मिसळ म्हणजे चार किलोमीटरहून जास्त. एका दगडापाशी नवं गाणं कुजबुजत आत शिरतं आणि चौथा दगड गेला तरी जुनं पुरतं गेलेलं नसतं. हा हिशेब एकदा दगडांवर मोजला की 'लांब मिसळ' हा शब्द पोकळ राहत नाही. कातानेओच्या मिक्सवर मोजून पाहा. नवं गाणं नक्की कुठल्या किलोमीटरला आलं, यावर गाडीत एकमत होत नाही.

वाशिम, अमरावती, वर्धा झपाट्याने मागे पडतात. शिवमडक्याला, महामार्गाच्या नागपूरकडच्या टोकाला, उतरून वर्धा रोड धरला की शहर. रात्री सावजी खायची हौस असेल तर खा, पण दुसऱ्या दिवशी पाच तास हेडफोन लावून बसायचंय हे लक्षात ठेवून.

दुसरा दिवस: मेट्रो आणि बर्डी

सकाळी तर्री पोहे. टपरीवाला "तर्री कमी की जास्त भाऊ?" विचारेल, पहिल्यांदा आलेल्याने कमीच म्हणावं आणि वरून मागून घ्यावी. तिखटाचा अंदाज आल्याशिवाय सगळी तर्री एकदम ओतणं आणि पहिल्याच गाण्याला मिक्सरवरचे सगळे फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) वर नेणं, चूक एकच.

नागपूर मेट्रोच्या दोन मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. ऑरेंज खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, ॲक्वा प्रजापती नगरपासून लोकमान्य नगरपर्यंत. ऐकायला ऑरेंज चांगली. सकाळची गर्दी ओसरल्यावर, अकराच्या सुमारास, खापरीला बसावं. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला साधारण पाऊण तास लागतो. जाऊन-येऊन एक आख्खी सीडी होते. गड्डीगोदामला मेट्रो उंचावरून जाते तेव्हा खाली बघावं: सर्वात खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वात वर आपण. चारही थरांतली वाहतूक आपापल्या गतीने, कुणी कुणाला न अडवता. गाण्याचे थर वेगळे ऐकायला शिकायचं असेल तर इथूनच सुरुवात करावी: एका फेरीत फक्त हॅट (झांजेचे बारीक ठोके) ऐका, दुसरीत फक्त बेस. सगळं एकदम ऐकायला जाणारा कान पाच मिनिटांत थकतो.

'प्रोग्रेसिव्ह हाउस' हा शब्द 1992 मध्ये ब्रिटनच्या मिक्समॅग मासिकात डॉम फिलिप्सने रुजवला. हाच डॉम फिलिप्स पुढे ब्राझीलमध्ये पत्रकारिता करत होता आणि जून 2022 मध्ये ॲमेझॉनच्या जंगलात त्याचा खून झाला. त्याने नाव दिलं ते लंडनमधल्या गेरिला रेकर्ड्ससारख्या लेबलांवरच्या, हाउसच्या ठेक्यावर डब आणि ट्रान्स या शैलींचे रंग चढवणाऱ्या संगीताला. वीस वर्षांनी हेच नाव मोठ्या मैदानांवरच्या, तीन मिनिटांत टिपेला पोचणाऱ्या गाण्यांनाही चिकटलं. त्यामुळे आज दुकानात 'प्रोग्रेसिव्ह' मागितलं तर कोणता माल हातात पडेल याचा नेम नाही. खूण सोपी आहे. गाणं सात मिनिटांपेक्षा लांब आहे का, आणि सुरुवातीचा व शेवटचा मिनिट-दीड मिनिट नुसत्या तालाचा आहे का? असेल तर ते मिसळण्यासाठी बांधलंय. नसेल तर ते एकट्याने वाजण्यासाठी आहे, त्याला सेटमध्ये घालून त्याचेही हाल करू नयेत.

एकाच गाण्यातला संयम पाहायचा तर स्वीडिश डीजे एरिक प्रिड्झचं 2015 चं 'ऑपस' ऐकावं. नऊ मिनिटांचं. तीच सुरावट आधी विरळ येते, मग दाट होत जाते. टेम्पो जागचा हलत नाही, फक्त स्वरांमधलं अंतर आकसतं. ख्यालात विलंबितातून लय वाढत जाते तसं वाटतं खरं, पण इथे लय वाढलेलीच नसते. त्याची छोटी आवृत्ती लावणाऱ्यांनी पोह्यावरची नुसती शेव खाल्ली म्हणायचं.

साशाच्या 2004 च्या 'इन्व्हॉल्व्हर'बद्दल नेहमी भांडण होतं. त्यात त्याने दुसऱ्यांची गाणी एबल्टन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये सोडवून, पुन्हा बांधून एकात एक गुंफली. देखणं काम आहे, पण त्याला डीजे मिक्स म्हणवत नाही. चुकण्याची शक्यताच काढून टाकली की मिक्समधली एक धाकधूक जाते. जेम्स होल्डनचा 2003 चा 'बॅलन्स 005' मात्र पुन्हा पुन्हा ऐकावा. गुळगुळीतपणा टाळूनही सलगपणा कसा राखायचा हे त्यात आहे.

दुपारी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात. उद्यासाठी लागणाऱ्या वायरी इथेच घ्याव्यात. दुकानात 'सहा पॉइंट तीन मिलिमीटरचा जॅक' म्हटलं तर समोरचा क्षणभर बघत राहतो. 'पी-38' म्हटलं की लगेच ड्रॉवर उघडतो. छोट्या हेडफोनच्या पिनेला 'ईपी'. पी-38 मध्ये मोनो आणि स्टिरिओ दोन्ही मिळतात, तेव्हा पिनेवरच्या काळ्या रेघा मोजाव्यात: एक रेघ मोनो, दोन स्टिरिओ. मिक्सरपासून स्पीकरपर्यंत अंतर पाच मीटरच्या वर असेल तर आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची) वायर ताणत न्यायची नाही. एक्सएलआरच (तीन पिनांच्या गोल जोडाची) वापरायची, नाहीतर वाटेतली सगळी घरघर स्पीकरमध्ये येते. ब्लूटूथ हेडफोन ऐकायला ठीक, वाजवायला बाद. आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे 122 ला एका ठोक्याच्या तीस-चाळीस टक्के घोळ.

तिसरा दिवस: धरमपेठेतली गच्ची

आपल्याकडे 'डीजे' म्हणजे माणूस नव्हे, ट्रकवर रचलेली बॉक्सची भिंत. 'डीजे आणला', 'डीजे जप्त झाला'. तेव्हा सोसायटीत परवानगी मागताना हा शब्द वापरूच नये. 'गच्चीवर थोडं संगीत, दहाच्या आत बंद' एवढं पुरतं, आणि ते खरंही असलं पाहिजे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, आणि खासगी जागेच्या हद्दीवर त्याहून फार तर पाच जास्त. लाउडस्पीकरला लेखी परवानगीही लागते. ती आधी काढून खिशात ठेवावी.

या दहाच्या काट्यामुळेच इथले बहुतेक सेट बिघडतात. लंडन किंवा ब्युनोस आयरेसमध्ये रात्री दोनला जे शिखर येतं ते इथे सव्वानऊला आणावं लागतं. मग काय करतात? आठला सुरू करतात आणि पहिल्या गाण्यापासून 126 ला पळतात. माणसं अजून चपला काढून बसायला जागा शोधत असतात, गच्चीचा स्लॅब अजून गरम असतो आणि स्पीकरमधून मात्र मध्यरात्र वाजत असते. काटा मागे सरकत नसेल तर सुरुवात पुढे ओढा. सहाला सुरू करा. पहिला तास कुणी नाचणार नाही, नाचूही नये. त्या तासात वाजवणाऱ्याची खरी परीक्षा असते आणि बहुतेकांना ती द्यायचीच नसते.

आखणी अशी: सहा ते सात 114 ते 118 बीपीएम, ऊन कलतंय, बोलणं ऐकू येईल इतकाच आवाज. सात ते आठ 119 ते 121. आठ ते सव्वानऊ 122-123. सव्वानऊ ते पावणेदहा 124, त्यावर नाही. शेवटची पंधरा मिनिटं पुन्हा खाली, आणि 9 वाजून 58 मिनिटांनी शांतता. एक गाणं सुटं साधारण सहा मिनिटं वाजतं असं धरलं तर चार तासांना चाळीस गाणी लागतात. न्यावीत ऐंशी, दुप्पट नेली की हात मोकळा राहतो, पाचशे नेली की माणूस स्क्रीनमध्येच हरवतो.

यूएसबी फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेली असावी. एनटीएफएस चालत नाही, जुन्या प्लेअरांना एक्सफॅटही चालत नाही. घरच्या लॅपटॉपवर सगळं दिसतं आणि गच्चीवर प्लेअर 'काहीच नाही' म्हणतो. तसंच फ्लॅक फाइल जुनी मशीनं वाचत नाहीत, म्हणून वेव्ह (WAV), एआयएफएफ किंवा 320 ची एमपी3. एकाच्या दोन यूएसबी, दोन्हींवर तेच.

वीज ही नागपुरातली मोठी भानगड. गच्चीवरची लाइन बहुधा लिफ्टच्या खोलीतून किंवा वरच्या मजल्यावरच्या घरातून घेतात, आणि त्याच लाइनवर पाण्याची मोटर असते. संध्याकाळी कुणी मोटर लावली की क्षणभर व्होल्टेज पडतं. लॅपटॉप बॅटरीवर तगतो, प्लेअर आणि मिक्सर मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतात. त्यांच्यासाठी 600 व्हीएचा छोटा यूपीएस घ्यावा. प्रत्येक यंत्र मोजकेच वॅट खातं, तेवढ्याला तो पुरतो. स्पीकर त्यावर लावू नयेत. साध्या इन्व्हर्टरवर लावलं तर चौकोनी लाटेची गुणगुण येते, साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तरच लावावं. वरच्या मजल्यावर कूलर सुरू असतो, मार्च असला तरी. त्याचा पंखा आणि पंप त्याच सर्किटवर असतील तर सुरू-बंद होताना स्पीकरमध्ये 'टक' वाजतं. वहिनींना कूलर दुसऱ्या बोर्डावर लावायला सांगणं हे कुठल्याही महागड्या फिल्टरपेक्षा स्वस्त.

सलग 50 हर्ट्झची घूं येत असेल तर कारण बहुतेक वेळा एकच: लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डात, स्पीकर दुसऱ्यात, आणि दोन्हींच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह. चार्जर काढून पाहा. घूं गेली तर सगळं एकाच बोर्डावर आणा, तरी राहिली तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. प्लगची अर्थची पिन तोडणारे महाभाग भेटतात. ते करायचं नाही. गच्ची, ओला स्लॅब आणि तुटलेलं अर्थिंग हा खेळ जिवावर बेततो. स्लॅब थंड करायला पाणी मारायचं असेल तर चारलाच मारा, वायरी अंथरायच्या आत वाळला पाहिजे.

उष्णतेचंही तेच. प्लेअरच्या पुस्तिकेत वापराचं तापमान पाच ते पस्तीस अंश लिहिलेलं असतं, आणि मार्चअखेरच्या दुपारी नागपूर त्याच्या वर असतं. यंत्रं साडेपाचच्या आत वर आणूच नयेत. टेबल पश्चिमेच्या कठड्याच्या सावलीत लावावं, लॅपटॉपखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवाव्यात, म्हणजे खालून हवा खेळते.

स्पीकर दोनच, आठ इंची. सब (नुसत्या बेसचा स्पीकर) नको. शेजारच्या इमारतीत पोचतो तो बेस. वरच्या पट्टीला कठडा अडवतो, बेसला काहीच अडवत नाही. स्पीकर थेट स्लॅबवर ठेवले तर खालच्या घरात पंख्याचा हुक घणघणतो, म्हणून खाली जाड रबर किंवा फोम. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो: एका मीटरवर 85 असेल तर चारवर 73, सोळावर 61. म्हणजे हद्द सोळा मीटरवर असेल तर एका मीटरवर 84 हीच छत. मोबाइलमधलं मीटर अंदाजापुरतं ठीक. रात्री हवा जमिनीलगत गार होते, तेव्हा आवाज वर न जाता खाली वाकतो आणि लांब पोचतो. तलावाकाठी तर विशेष, फुटाळ्याकडच्या घरांना हे चांगलं माहीत आहे. म्हणून आठनंतर सगळं दोन-तीन डेसिबल खाली घ्यायचं. गर्दी रंगली म्हणून वर न्यायचं नाही. समोरचे काकाजी गॅलरीत येऊन "काहून रे बाप्पा, आमच्या घरात लावलं का?" म्हणाले तर वाद घालू नये, बेस अजून खाली घ्यावा.

वाजवणाऱ्यापाशी एक छोटा मॉनिटर (त्याच्यापुरता स्पीकर) हवाच. 35-40 अंशांना आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटर जातो. दहा मीटरवरच्या स्पीकरचा ठोका कानाला 28 मिलिसेकंद उशिरा येतो. हेडफोनमधलं गाणं आणि लांबचा स्पीकर यांची जुळणी करायला गेलं की दर वेळी तेवढीच चूक होते, आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत राहतो.

आता एक मिसळ जवळून. चालू गाणं 121 ला, ए मायनर, म्हणजे कॅमेलॉट चक्रावर (जुळणाऱ्या पट्ट्या शेजारी मांडणाऱ्या तक्त्यावर) 8ए. येणारं 122 ला, ई मायनर, 9ए. शेजारचं घर, जुळतं. येणारं 121 वर आणा. बदल एक टक्क्याहून कमी, 'की लॉक' (वेग बदलला तरी सूर धरून ठेवणारी सोय) असो-नसो, फरक पडत नाही. पण सहा टक्के फिरवलं तर सूर जवळपास अर्ध्या स्वराने सरकतो आणि चक्रावरचं घर खोटं ठरतं. चार टक्क्यांनाही ते बेसूर वाटण्याइतकं हलतं. की लॉक लावून सूर धरता येतो, पण तीन-चार टक्क्यांपुढे हॅट खरखरतात.

येणाऱ्या गाण्याचा लो (खालची पट्टी) पूर्ण बंद, मिड (मधली पट्टी) जरा कमी, फेडर तळाला. चालू गाण्याची सम येऊ द्या. शास्त्रीय ऐकणाऱ्या कानाला हे सांगावं लागत नाही: तीनतालाचं एक आवर्तन म्हणजे चार बार, अशी आठ आवर्तनं झाली की 32 बारची फ्रेज पुरी होते आणि पुढचा पहिला ठोका ही सम. त्या ठोक्यावर येणारं सोडा. पुढच्या सोळा बारांत फेडर हळूहळू वर. ऐकणाऱ्याला फक्त हॅट किंचित दाटल्यासारखे वाटले पाहिजेत. 32 बार झाले, पुढची सम आली, की दोन्ही लो एकाच बारात अदलाबदल. हे मात्र हळू करायचं नाही. दोन बेसलाइन आठ बार जरी एकत्र राहिल्या तरी चिखल होतो, आणि दोन किकच्या लाटा उलट-सुलट पडल्या तर बेस वाढण्याऐवजी पोकळ होतो. मग जुन्याचा मिड सोळा बारांत उतरवा. त्याचे हॅट शेवटपर्यंत ठेवा. 64 बारांना ते काढले की गेल्यावरच कळतं की होते.

काय बिघडतं? सिंक (ठोके आपोआप जुळवणारं बटण) दाबलं की ठोके जुळतात, फ्रेज जुळत नाही. सोडायला आठ बार उशीर झाला तर ज्या समेवर नव्याची बेसलाइन उघडायला हवी तिथे ती रेंगाळते आणि जुनं आधीच ब्रेकडाउनमध्ये शिरलेलं असतं; आठ बार नुसती पोकळी. विनाइलवरून उतरवलेल्या जुन्या गाण्यांचा ग्रिड (ठोक्यांची आखणी) सरकतो, कारण टर्नटेबलचा वेग केसभर कमी-जास्त होतो. अशी गाणी सिंकवर सोडायचीच नाहीत, कानाने धरायची. आणि 1994 ची सीडी 2014 च्या फाइलपेक्षा बरीच मऊ वाजते, म्हणून प्रत्येक गाण्याचा गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) मिसळीआधी हेडफोनमध्ये बरोबरीला आणावा, फेडर चढवून भागवू नये.

एक सुचवणी पहिल्या तासासाठी. मुंबईच्या चरणजितसिंग यांनी 1982 मध्ये टीबी-303, टीआर-808 आणि ज्युपिटर-8 या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर राग वाजवून एक रेकॉर्ड काढली होती, ॲसिड हाउस हे अशाच यंत्रांवरच्या नृत्यसंगीताचं नाव रूढ होण्याच्या आधी. तिचा वेग जास्त आहे, त्यामुळे ठेक्यासकट ती या तासात बसत नाही. पण सुरुवातीचे मोकळे आलाप बिनतालाच्या पॅडवर अलगद ठेवता येतात. साडेसहाला, सूर्य टेकलेला असताना.

रेकॉर्डिंग मिक्सरच्या रेक आउटमधून (रेकॉर्डिंगसाठीच्या जोडातून) घ्यावं, स्पीकरकडे जाणाऱ्या मास्टरमधून नाही. मास्टरचा आवाज शेजाऱ्यांसाठी खाली-वर होणार, रेक आउट तसाच राहतो. सर्वात मोठ्या क्षणाला मीटर उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झला चार तासांचे अडीच जीबी होतात. 24 बिट, 48 ला चार जीबीच्या उंबरठ्यावर जातं, आणि फॅट32 कार्डावर चार तास आठ मिनिटांच्या आसपास फाइल तुटते. सुरुवात सहाला आणि शेवट दहाला असेल तर बसतं, पण आधी चाचणी म्हणून दहा मिनिटं रेकॉर्ड करून तीच फाइल चालू ठेवलीत तर शेवटचं गाणं गेलं.

चौथा दिवस: रामटेकच्या वाटेवर

सकाळी सातला निघावं. रामटेक पन्नास किलोमीटरच्या आसपास. कालचं रेकॉर्डिंग गाडीत, पण पहिला तास नव्हे, 2:00:00 पासून. मधला भाग आधी ऐकला की सुरुवात तिथे नीट पोचवते का हे नंतर कळतं. मागच्या सीटवर वही: वेळ, काय खटकलं, का. '2:14:30, दोन बेस, सहा बार.' '2:41, नवं गाणं मोठं.' कारण लिहायचंच, नुसतं 'वाईट' लिहिलं तर पुढच्या वेळी उपयोग शून्य. कामठी जाईपर्यंत दोन-तीन नोंदी होतात. बहुतेक ठिकाणी घाई हेच कारण सापडेल, आणि ती नेमकी 9 वाजून 15 मिनिटांच्या आसपास वाढलेली असेल, घड्याळाकडे पाहून.

गडावर स्पीकर न्यायचा नाही. देवळं आहेत, कालिदासाचं स्मारक आहे, लोक शांततेसाठी येतात. हेडफोनही गळ्यात लोंबकळत ठेवू नयेत. इथली वानरं पिशवीसारखी लोंबणारी कुठलीही वस्तू खाऊ समजतात. बॅगेत, चेन लावून.

खाली खिंडसीच्या काठी झाडाखाली बसून मग पहिला तास ऐकायचा. पाणी, वारा, अधूनमधून लांबचा इंजिनाचा आवाज, आणि 114 वर चालणारा ठेका. इथे जे कंटाळवाणं वाटेल ते खरंच कंटाळवाणं आहे. गच्चीवर मात्र ते तसं वाटलंच असेल असं नाही, कारण तिथे लोक गप्पा मारत होते. तेव्हा पहिल्या तासातून काही कापायच्या आधी त्याच भागाला धीम्या आवाजात, बोलत बोलत एकदा ऐकावं. बोलताना पाय हलला तर ठेवा. सोबत मृगाची संत्री असतातच या दिवसांत; सोलताना हात चिकट होतात, फोनला लावू नयेत.

शेवटची पंधरा मिनिटं इथेच तपासावीत. काकाजींमुळे बेस मधेच मास्टरच्या बाजूने खाली घेतला असेल तर काळजी नको, तो बदल रेकॉर्डिंगमध्ये नाही. पण चॅनेलच्या ईक्यूवरून (लो-मिडच्या बटणांवरून) उतरवला असेल तर उतरलेलाच ऐकू येईल, आणि तो आता दुरुस्त होणार नाही. फाइलला नाव द्यायचं: वर्ष, महिना, तारीख, 'नागपूर', सुरुवातीची वेळ. 1800. संपल्याची वेळ 2158. मग परत, दुपारच्या आत. ऊन चढलं की कन्हानच्या पुलापर्यंत एसीही हार मानतो.